शिंगाचं पात्र

आमच्या घरात एक काळी वाटी होती. ओंजळीत मावेल एवढी, एका बाजूला किंचित निमुळती. तळ जाड, काठ पातळ. उन्हात धरली की काठाजवळ गुळाच्या पाकासारखा रंग दिसे, आणि आत उभे बारीक धागे, केस ओढून बसवल्यासारखे. ती गेंड्याच्या शिंगाची होती. श्राद्धाच्या दिवशी तिच्यातून पितरांना तिळाचं पाणी सोडायचं. पोथीत गेंड्याला खड्ग म्हणतात, म्हणून ती खड्गपात्र. आम्ही नुसतं पात्र म्हणायचो.

वर्षभर ते देवघराखालच्या कप्प्यात, पितळी डब्यात, भाताच्या तुसात पुरलेलं असे. श्राद्धाच्या आदल्या दिवशी बाहेर काढून त्यावर तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर शिंग वाळून चिरतं. ते काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं. पाणी सोडायचं ते पुरुषांनी, मंत्र सांगायचे आचार्यांनी, बायकांनी स्वयंपाक करून आत थांबायचं. पितरांच्या कामात माझा हात लागायचा तो त्या वाटीपुरताच.

माझे यजमान अप्पाजी मागच्या मार्गशीर्षात गेले. शेवटचे दिवस ते अण्णा नगर भागातल्या इस्पितळात होते. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "सरोजा, पात्र तडकू देऊ नको. मला पाणी त्यातूनच पाहिजे."

मी म्हटलं, "आधी हे औषधाचं पाणी प्या."

ते हसले आणि प्यायले. पण बोलणं चेष्टेचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांना, आजोबांना त्यांनी जन्मभर त्या पात्रातून पाणी दिलं होतं. आता आपली पाळी आली, एवढंच त्यांचं म्हणणं.

वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाची त्रयोदशी जवळ आली, तेव्हा मुलाने, शेषाद्रीने, पात्र बाहेर काढून त्याचा फोटो काढला आणि आमच्या तंजावरी मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शेषाद्री बँकेत असतो. घरी आला की ग्रुप. खाली त्याने लिहिलं, 'पणजोबांना तंजावरच्या राजवाड्यातून मिळालेलं खड्गपात्र. येत्या त्रयोदशीला अप्पांच्या वर्षश्राद्धाला निघेल.'

मी म्हटलं, "राजवाड्यातून कुठलं? तुझे पणजोबा रंगूनला तांदळाच्या गिरणीत कारकून होते. तिथून त्यांनी ते आणलं."

"अम्मा, रंगूनची गिरणी म्हटल्यावर कोण हात जोडणार?"

"सगळ्यांनाच राजवाड्यातून मिळालं म्हणतात. इतकं वाटलं असतं तर राजाला बसायला पाट उरला नसता."

पण हात जोडलेली चित्रं भराभरा येत होती, आणि तो खूष होता.

संध्याकाळी नात आली. शरण्या गिंडीजवळ एका प्रयोगशाळेत काम करते. रानातल्या जनावराचे केस, लीद, रक्त असं काही हाती आलं की ते कुठल्या रानातलं, कुणाच्या कुळातलं, हे ती माणसं शोधून काढतात. ती चपला काढता काढताच बापावर चढली.

"बाबा, हे काय टाकलंय? हे घरात ठेवणंसुद्धा चालत नाही कायद्याने!"

"मी कुठे विकतोय? पूर्वजांचं आहे."

"तोच त्रास! पूर्वजांचं म्हणून फोटो टाकला. काढा आधी."

शेषाद्रीने फोटो ग्रुपवरून पुसून टाकला. पण तोवर तो कुठे कुठे गेला होता, ते कोण सांगणार?

मग शरण्या माझ्याजवळ येऊन बसली. "आज्जी, रंगून हे नक्की?"

"माझ्या सासऱ्यांनी सांगितलेलं. ते खोटं कशाला बोलतील? खोटं बोलायचं असतं तर त्यांनीही राजवाडाच सांगितला असता."

तिने पात्र खिडकीशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिलं. मग म्हणाली, हा आसामातला एक शिंगाचा मोठा गेंडा नसेलही. ब्रह्मदेशात एक दुसरा असायचा, दोन शिंगांचा. गेंड्यांत सगळ्यात लहान, अंगावर तांबूस केस असलेला. पूर्वी आसामच्या पलीकडून ब्रह्मदेश, मलाया, पार खालच्या बेटांपर्यंत त्याचा वावर होता. आता सुमात्राच्या रानात थोडे उरलेत, बाकी जवळजवळ सगळीकडून गेले.

"थोडे म्हणजे?"

"पन्नाससुद्धा नसतील."

"पन्नास हजार?"

"पन्नास, आज्जी."

मी मनाशी हिशेब केला. आमच्या इमारतीत त्याहून जास्त माणसं आहेत, आणि पाण्याचा टँकर आला की ती सगळी खाली दिसतात.

तिने पुढे सांगितलं, तिथले रखवालदार रानात पायी फिरून तारेचे फास काढतात. उरलेली जनावरं इतकी पांगलीत की नराला मादी भेटत नाही. म्हणून काहींना धरून राखीव रानात एकत्र ठेवलंय. तिथे पिल्लंही झालीत. पण इतक्या थोड्यांत सोयरीक केली की रक्त एकच होत जातं. जुन्या शिंगांतून कळतं की पूर्वी किती कुळं होती, त्यातली कुठली गेली, आणि आहेत त्यांचा मेळ कसा घालायचा. चोरीचं शिंग पकडलं तर ते कुठून आलं, हेही त्यावरून ताडता येतं. ब्रह्मदेशातलं शिंग असं सहसा हाती लागत नाही.

"म्हणजे तुला ते पाहिजे," मी म्हटलं.

"मला नाही. सरकारजमा करायचं. मग तिथून आमच्याकडे तपासायला येईल."

"शिंगात रक्त असतं?"

"नसतं. शिंग म्हणजे आपलं नख असतं ना, तोच पदार्थ. केस आणि नख."

श्राद्धाच्या स्वयंपाकात एक केस सापडला तर आम्ही अख्खं पातेलं ओतून देतो.

"इतकी वर्षं पितरांना नखातून पाणी पाजलं म्हणतेस?"

"अय्यो आज्जी, तसं नाही म्हटलं मी!"

"तुझा बाप लहान असताना तापाने फणफणला होता. यातलंच पाणी पाजलं मी. उतरला ताप."

"डॉक्टरचं औषध चालू होतं?"

"होतं."

"मग?"

मी पात्र परत तुसात ठेवायला उचललं. तिने माझा हात धरला. "कधी देशील?"

"वर्षश्राद्ध होऊ दे. मग बघू."

तिला ते पटलं नव्हतं, पण आजोबांवर तिचाही जीव होता.

दुसऱ्या दिवशी जयतीर्थाचार आले. आमचे पुरोहित. मांबळमध्ये राहतात, सायकलवरून येतात, आणि काप्पी, म्हणजे कॉफी, पुढे आल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. आमचं पात्र नुसतं आमचं नव्हतं. आसपासच्या आमच्या लोकांत कुणाचं मोठं श्राद्ध असलं की आचार ते मागून नेत आणि संध्याकाळी परत आणून देत. त्यांना शरण्याचं बोलणं सांगितलं, तर नखावरूनच ते तापले.

"नख म्हणे! शंख कशाचा असतो? मध कुणाच्या तोंडातून येतो? सोवळं रेशमाचं, ते कुणी विणलं? एकेक सोलायला बसलीस तर पूजेला नुसता दगड उरेल."

"आचार, मी ते टाकून देत नाही हो. सरकारला द्यायचं म्हणते पोर."

"सरकार श्राद्ध करणार आहे?"

"पात्र नसेल तर श्राद्ध पितरांना लागत नाही का?"

आता ते जरा खाली आले. "लागतं. तांबं चालतं, चांदी चालते, काहीच नसलं तर हात आहे. पण हे उत्तम म्हणून सांगितलंय. परवाच बघ, वेळचेरीला राहणाऱ्या एका पुण्याच्या मुलाचा फोन. सिद्धार्थ म्हणून. गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याला कुणीतरी तुमचा फोटो पाठवलेला. 'गुरुजी, आमच्या बाबांच्या श्राद्धाला असं पात्र पाहिजे, कुठे मिळेल?' बघ, आजकालच्या पोरांना श्रद्धा नाही म्हणतात!"

"तुम्ही काय सांगितलं?"

"विचारून बघतो म्हटलं."

"कुणाला विचारणार?"

आचारांनी काप्पीचा पेला उलटा करून बघितला. "कुणालातरी," म्हणाले.

त्यानंतर एका सकाळी शेषाद्री बँकेत गेल्यावर बेल वाजली. दारात पन्नाशीचा माणूस. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, हातात केळी आणि विड्याची पानं. तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, नमस्कारम. तुमच्या घरचं पात्र पाहून आलो."

फळं घेऊन आलेल्याला दारात उभं कसं ठेवायचं? मी बसवलं, काप्पी दिली. पात्र मात्र दाखवलं नाही. त्याने मागितलंही नाही. परदेशातल्या एका आजारी माणसाची हकीकत सांगत बसला. डॉक्टरांनी हात टेकलेत, जुन्या शिंगाच्या औषधाने वाचेल, तुम्हाला पुण्य लागेल. मुलाच्या तापाची मला आठवण झाली, नाही असं नाही.

मी म्हटलं, "आमच्या घरचं श्राद्ध त्यावर चालतं."

"म्हशीच्या शिंगाचं हुबेहूब करून देतो, अम्मा. पितरांना काय कळणार?"

"आमचे यजमान अंगाचा साबण बदलला तरी ओळखायचे."

तो मोकळेपणी हसला. मग विचारलं, "तुमच्या लोकांत आणखी कुणाकडे असेल? असतील तेवढी घेतो. नवं आता येत नाही. उभे आहेत ते चाळीस-पन्नास, तेही पहाऱ्यात."

माझं माहेर कुंभकोणमजवळचं. भात कापायला आला की तिकडे व्यापारी यायचे आणि विचारायचे, यंदा उभा किती आहे? तो माणूस त्याच सुरात बोलत होता. माझ्या कप्प्यातलं पात्र आणि त्या रानातली जनावरं, त्याच्या लेखी एकाच कोठारातला माल. एक ठेवलेला, एक उभा.

"नाही द्यायचं," मी म्हटलं.

त्याला राग आला नाही. उठला, पेला स्वतः मोरीपाशी नेऊन ठेवला. दारात चपला घालताना फोन नंबराची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "घाई नाही, अम्मा. त्रयोदशीचं श्राद्ध होऊ दे. झाल्यावर येतो. मग तुम्हाला तरी त्याचा काय उपयोग?"

दिवस मी त्याला सांगितला नव्हता. शेषाद्रीने गावभर सांगितला होता.

मी कप्पा उघडला, डबा पुढ्यात घेतला आणि बसून राहिले. भीती वाटली, हे खरं. दिवसा घरात मी एकटी असते. पण भीतीपेक्षा दुसरंच टोचत होतं. श्राद्ध होऊ दे, मग बघू, हे मी शरण्याला सांगितलं होतं. तो माणूसही तेच सांगून गेला. माझेच शब्द. आणि श्राद्ध झालं असतं तर काय झालं असतं? आचार चार घरी सांगणार, अप्पाजींचं खड्गपात्राने कसं यथासांग झालं. आणखी कुणीतरी सिद्धार्थ विचारणार, मला कुठे मिळेल? आचार कुणालातरी विचारणार. आणि तो कुणीतरी आत्ताच माझ्या घरी काप्पी पिऊन गेला होता.

अप्पाजींना मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. औषध पाजलं होतं.

संध्याकाळी मी शरण्याला म्हटलं, "उद्या नेऊ."

शेषाद्रीने तो माणूस येऊन गेल्याचं ऐकल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी तो म्हणाला, "अम्मा, अप्पांनी मागितलं होतं ना?"

"मागितलं होतं."

"मग?"

"मग त्यांना वाईट वाटेल. कधी भेटलेच तर मी बोलेन त्यांच्याशी."

सकाळी डबा काढून सवयीने तेलाची वाटी जवळ ओढली, तर शरण्याने हात धरला. "तेल नक्को आज्जी. आधीच खूप मुरलंय. आतलं वाचता येणार नाही."

तेवढंही राहिलं. पात्र तसंच कोरडं, पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि ऑटोने आम्ही वनखात्याच्या कार्यालयात गेलो. शरण्याने आधी बोलून ठेवलं होतं. अधिकारी बाई तरुण होत्या. पिढीजात वस्तू स्वतःहून आणून दिली म्हणून त्यांनी आम्हाला खुर्ची दिली, वाकडं काही विचारलं नाही. त्या माणसाच्या चिठ्ठीवरचा फोन नंबर मात्र उतरवून घेतला. पुढे त्याचं काय झालं, ते आम्हाला कुणी कळवलेलं नाही. तो परत आला नाही.

पात्राचे फोटो झाले, वजन झालं. मी म्हटलं, "तुसात ठेवा. नाहीतर तडकतं."

"इथे गार खोली आहे, अम्मा. काही होणार नाही."

"तपासायला काय करणार?"

"तळाला बारीक भोक पाडून भुकटी घ्यावी लागेल."

भोक पडलेलं पात्र श्राद्धाला चालत नाही. म्हणजे पुढेमागे कुणी परत देतो म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता. बाईंनी ते पिशवीत घालून तोंड बंद केलं. मी उठले. खाली आल्यावर शरण्याने विचारलं, पाणी देऊ का? मी म्हटलं, घरी चल, उडीद भिजवायचे आहेत.

त्रयोदशीला आचार वेळेवर आले. मागितलेलं मिळालं नाही म्हणून तोंड लहान मुलासारखं केलं होतं. पिशवीतून त्यांनी स्वतःचं तांब्याचं पात्र काढलं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं होतं, हे मी पाहिलं. कच्च्या केळ्याची भाजी, उडदाचे वडे, तिळाचे लाडू, अप्पाजींना आवडायची ती खीर, सगळं झालं. ब्राह्मण जेवले. गच्चीत घास ठेवला तर कावळे टपूनच होते. अप्पाजी रुसले असते तर कावळा शिवला नसता, असं आमच्यात म्हणतील. पण टी. नगरचे कावळे वड्यासाठी कुणाच्या रुसव्याची वाट बघत नाहीत, तेव्हा त्यावरून मी काही धरलं नाही.

शेवटी तर्पण. शेषाद्री दक्षिणेकडे तोंड करून बसला. अप्पाजींचं नाव, गोत्र. त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं. तांब्याच्या पात्रातून पाणी हातावर, हातावरून ताटात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मग ज्यांना मागे कुणी नाही, ज्यांचं नाव कुणी घेत नाही, त्यांच्यासाठी सोडतात ते पाणी आलं. आचारांनी मंत्राला सुरुवात करायला तोंड उघडलं.

"आचार, थांबा," मी म्हटलं.

बाईने मध्ये बोलायची ती जागा नव्हे. आचारांनी मान वळवली.

"ते जनावर आहे ना, ज्याच्या शिंगातून या घरातले सगळे पाणी प्यायले, त्याला एक ओंजळ द्या."

"कुठल्या जनावराला?"

"रंगूनच्या गेंड्याला."

शेषाद्री हात पुढे धरून तसाच बसला. शरण्या माझ्या मागे होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

"अक्का," आचार म्हणाले, "तर्पणाला नाव लागतं. गोत्र लागतं. गेंड्याचं गोत्र मी कुठून आणू?"

"तुम्हीच सांगता ना, गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं?"

आचार माझ्याकडे बघत राहिले. मग शेषाद्रीच्या तिळाच्या वाटीकडे. ओठ हलले, बहुतेक पोथीतलं कुठलंतरी पान उलटत होते. "काश्यप..." म्हणाले. "सगळी जनावरं तशी काश्यपाचीच. चालेल. आणि नाव?"

"नाव नाही," शरण्या मागून म्हणाली. "ते कुठल्या कुळातलं, ते कळायलाच महिने लागतील."

"तोवर खड्ग म्हणतो," आचार म्हणाले, आणि शेषाद्रीकडे वळून दरडावले, "हात नीट धर. तीळ सांडतायत."

काश्यप गोत्र, खड्ग नाव. तीनदा पाणी पडलं.

आचार जेवायला बसले तेव्हा मी वाढत होते. तिसरा वडा पानात घेताना ते म्हणाले, "त्या पुण्याच्या मुलाचा परत फोन आला होता. त्याला काय सांगू?"

"तांब्याचं घे म्हणून सांगा."

"आणि तंजावरवाल्या सरोजाक्काकडे कशाने करतात, म्हणून विचारलं तर?"

"तांब्यानेच," मी म्हटलं. "खोटं कुठे आहे? तुमचंच पात्र होतं. पुढच्या वर्षीही आणा, असंच घासून."

आचारांनी हूं केलं आणि खिरीकडे हात केला.